गेस्टबुकात लिहिणारा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी स्वतःची वेबसाइट केली. एचटीएमएल एका जुन्या पुस्तकातून वहीत उतरवून शिकले आणि बिटको चौकाजवळच्या सायबर कॅफेत बसून टाइप केलं. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. पहिल्याच पानावर आमच्या नाशिक रोडच्या सरकारी क्वार्टरचा फोटो, खाली वसाहतीचं नाव आणि क्वार्टरचा नंबर. तळाशी किती वेळा पान उघडलं ते दाखवणारा काउंटर, आणि येणाऱ्याने चार शब्द लिहावेत म्हणून गेस्टबुक.

महिनाभर मी आणि माझी मैत्रीण, दोघीच ते पान उघडत होतो. मग एका सोमवारी कॉलेज सुटल्यावर पाहिलं तर आकडा एकदम साठाने वाढलेला. मैत्रीण तर आठवडाभर तापाने घरीच होती.

गेस्टबुकात इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत एक नोंद होती. खाली नाव नाही. "मागच्या खोलीच्या खिडकीचा तिसरा गज अजून सैल आहे का?"

फोटो घराच्या पुढच्या बाजूचा होता. मागच्या खोलीत मी झोपायचे. घरी जाऊन एकेक गज हलवून पाहिला. तिसरा हातात गोल फिरला. वर उचलला तर खोबणीतून निघूनच आला. सात वर्षं त्या खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं.

गुरुवारी दुसरी नोंद आली. "आई अजून येते का विचारायला?"

मी घरी सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या करत होती. तिने तवा उतरवला.

"आपल्या आधी इथे राहायचे त्यांचा मुलगा बारावीत असताना घरातून गेला. परत आलाच नाही. त्याची आई दरवर्षी दिवाळीनंतर येते, काही पत्र आलंय का विचारायला. तू कॉलेजात असतेस तेव्हा."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्याच खोलीत झोपतेस ना तू."

मी गेस्टबुकात लिहिलं, "तुमची आई येते. तुम्ही कुठे आहात?" उत्तर आलं नाही. आकडा मात्र रोज पाच-दहाने वाढत राहिला. कॅफेत पान उघडलं की मला उगाच मागे वळून पाहावंसं वाटायचं. मागे कोणीतरी परीक्षेचा निकाल बघत बसलेलं असायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी मुद्दाम घरी थांबले. बाई चांदवडकडच्या खेड्यातून आल्या होत्या, आमच्यासाठी पिशवीभर कांदे घेऊन. कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगायच्या भरीस न पडता मी दोन्ही नोंदींचा छापलेला कागद वाचून दाखवला.

"परत वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

"'सैल आहे' लिवलंय? 'हाय' नाय?"

"'आहे' लिहिलंय, मावशी."

"माझा पोरगा 'हाय' म्हणायचा. मास्तर लय रागवायचे, तरी 'हाय'च."

"इतक्या वर्षांत बोलणं बदलतं."

"बदलत आसंल." मग उठून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तिसऱ्या गजावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "त्या सकाळी दाराला आतनं कडी व्हती. तो गेला कसा, ते आम्हाला आजवर कळलं नव्हतं."

आईने त्यांना हाताला धरून बसवलं. तुमचा पत्ता लिहू का, असं मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. "गाव ठावं हाय त्याला." कागद मात्र घडी घालून घेऊन गेल्या.

मी गेस्टबुकात एवढंच टाकलं, "आई येऊन गेली." त्या आठवड्यात आकडा दोनशेने वाढला. मग थांबला, तो कायमचा. नंतर मी पान उघडलं की माझ्या एकटीचाच एक वाढायचा.

पुढच्या दिवाळीनंतर बाई आल्या नाहीत. आईने महिनाभर वाट पाहिली आणि मग त्यांच्या गावच्या एका कंडक्टरकडे चौकशी केली. घराला कुलूप आहे, तो म्हणाला. नवरा-बायको पावसाळ्यातच कुठेतरी निघून गेले. जाताना शेजारी कोणालाच काही सांगितलं नाही.