त्या चित्रातल्या बाईनं पाठ का केली?

विसरायच्या आत, आत्ताच लिहून टाकतो.

आपल्या जिल्ह्यातल्या एका नामवंत, आता हयात नसलेल्या चित्रकारावर आज संग्रामपूरला माझं भाषण होतं. मागे त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र लावलं होतं: ओसरीत पाठमोरी बसून तूर पाखडणारी बाई.

मी रंगात आलो. "ही पाठ म्हणजे बंड आहे! या बाईनं जगाकडे पाठ फिरवलीय!" टाळ्या पडल्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी उठली. "थे बाई मीच हाय."

संयोजक तिला खाली बसवायला धावले. "बोलू द्या," मी म्हणालो.

"बंड-गिंड काई नव्हतं, भाऊ. थे चित्र काढनारे माहे भासरे, मालकाचे मोठे भाऊ. भासऱ्यासमोर तोंड करून कोन बसते? मनून पाठ केली."

कोणीतरी हसलं. या पाठीवर मी पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलंय! माझी आईसुद्धा भासरे आले की अशीच वळून बसायची, तरी मला सुचलं नाही.

म्हातारी चित्राजवळ गेली. "येवढं नाव झालं त्यायचं. पन माहं तोंड कसं हाय, थे त्यायले शेवटपरेंत मालूम नाही झालं."

आणि पदर सावरत निघून गेली.

घरी आल्यावर लक्षात आलं, मीही तिचं नाव विचारलं नाही. मग त्या चित्रकारात आणि माझ्यात फरक काय, सांगा.