तुटला नाही, सुटला

हट्टा गावच्या शिवारात, ओढ्याला लागून, मनकर्णाचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, होता. नवरा जळबा पुण्याकडे वॉचमनकी करायचा आणि सणावाराला यायचा. एरवी आखाड्यावर दोघीच असायच्या, मनकर्णा आणि तिची सासू अनुसयाबाई.

मनकर्णाचा डावा पाय गुडघ्याखाली ट्रॅक्टरमागच्या रोटावेटरमध्ये गेला होता. दवाखान्यातून आणल्यावर ती कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. तेव्हा अनुसयाबाईनंच तिला न्हाऊमाखू घातलं, उचलून परसाकडं नेलं, आणि शिव्याही दिल्या. "रडल्यानं पाय उगवत असता तर मीबी तुझ्यासंगं रडले असते. ऊठ!" पुढं एका शिबिरात मनकर्णाला कृत्रिम पाय मिळाला. वर फायबरची खोल वाटी, तीत गुडघ्याखालचं थुटकं बसायचं. वाटीच्या बुडाला अॅल्युमिनियमची चकती चिकटवलेली, चकतीखाली नळी आणि नळीला रबरी पाऊल. मनकर्णा त्या पायावर उभी राहिली, हळूहळू चालली, आणि पुढच्या हंगामात हळदीच्या वाफ्यातही उतरली.

ती अशी उभी राहतेय तोवर सासू आडवी झाली. लकव्यानं अनुसयाबाईचं उजवं अंग गेलं. आता न्हाऊ घालायची, उचलायची पाळी मनकर्णाची आली. शिव्या मात्र अजूनही सासूच द्यायची, फक्त बोबड्या.

पाय वाजायला लागला तो उन्हाळ्यात. टाच टेकली की आत कुठंतरी टक् व्हायचं. मनकर्णानं आधी लक्ष दिलं नाही. मग पाय डगडगायला लागला. घरी आलेला जळबा म्हणाला, "तू तिरपी चालतीस. धस्कन आपटतीस पाय, मग काय व्हईल?" गावातल्या बायाही तेच म्हणाल्या. मनकर्णा जपून, मोजून पाऊल टाकायला लागली. पाय वाजायचा थांबला नाही.

वेल्डिंगवाल्यानं पाय हातात घेऊन उलटासुलटा केला. "फायबर हाय वयनी. विस्तव लावला की जळून जाईल." पंचरवाल्यानं सोल्युशन लावून दिलं, ते धुणं धुताना पाण्यातच सुटलं. शेवटी वसमतहून तिनं दोन ट्यूबांतला, मिसळून लावायचा गम आणला. चकती आणि वाटी यांच्यामधली फट साबणानं धुतली, उन्हात वाळवली, गम भरला आणि सुतळीनं आवळून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाय दगडासारखा घट्ट झाला होता. आवाजही बंद. सासूला तिनं नाचून दाखवलं. अनुसयाबाईचं अर्धंच तोंड हसलं.

भादव्यात पाऊस लागून राहिला. वर सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडले की पूर्णा नदीचं पाणी ओढ्यात उलटं चढायचं, हे शिवारात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या सकाळी ते भराभर चढलं. मनकर्णा चुलीपाशी होती. पलीकडच्या चढावरून तांड्यावरचा वसराम ओरडत होता, "ताई, निघा! ट्रॅक्टर न्हाई येत तिकडं, चाकं रुतून राहिलीत! म्हातारीला घिऊन निघा, मी दोर आणतो!"

तोवर अंगणात घोट्याएवढं पाणी आलं होतं. मनकर्णानं खाली बसून सासूला पाठीवर घेतलं. एका जुन्या लुगड्यानं तिला पोटाशी बांधायला गेली, तर अनुसयाबाईनं डाव्या हातानं ते लुगडं ओढून टाकलं.

"बांदू नगं."

"काहून आत्या? निसटाल ना तुमी!"

"पडलीस तं दोगीबी जाऊ. नगं बांदू."

वाद घालायला वेळ नव्हता. सासूचा धड असलेला डावा हात मनकर्णाच्या गळ्याभोवती पडला आणि मनकर्णा काठी टेकत निघाली. चढ दिसत होता. चढावर दोर सोडत येणारा वसराम दिसत होता. पाणी मांडीला लागलं. तळाशी काळी माती नुसती लोणी झाली होती. कृत्रिम पाऊल खोल रुतलं. मनकर्णानं सगळा जीव एकवटून पाय उपसला.

टक्.

वाटी तिच्यासोबत वर आली, पाऊल चिखलातच राहिलं.

ती तोंडावर पडली. नाकातोंडात पाणी गेलं. गळ्याभोवतीचा हात एकदा घट्ट झाला, मग सैल पडला. मनकर्णानं मागं हात टाकला, हाताला सासूच्या नेसत्या लुगड्याचं टोक लागलं, तिनं मुठीत धरलं. धारेनं दोघींना बाभळीवर नेऊन आदळलं. एका हातानं तिनं खोड धरलं. काटे तळहातात आरपार गेले. दुसऱ्या हातातलं लुगडं ताणत गेलं, ताणत गेलं, आणि मग नुसतं लुगडंच राहिलं.

"आत्या! ओ आत्या!"

वसरामनं दोर कमरेला बांधून तिला ओढून काढलं, तेव्हाही ती ओरडत होती आणि वाटी बसवलेलं थुटकं टेकवून परत पाण्याकडं सरकत होती. वसरामला तिला धरून ठेवावं लागलं.

पाणी उतरल्यावर अनुसयाबाई खालच्या वळणावर सापडल्या. आणि आखाड्याच्या वाटेत, चिखलात, मनकर्णाचं पाऊल नळी-चकतीसकट तसंच उभं सापडलं. वसरामनं ते धुऊन, पोत्यात गुंडाळून आणून दिलं.

जळबा आला. दहावं झालं, तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर तो दारात बसून, तिच्याकडं न बघता म्हणाला, "धरून ठिवता आली न्हाई का गं तुला?"

मनकर्णाला स्वतःलाही तेच वाटत होतं. तिरपी चालले म्हणून पडले. जोर चुकीचा लावला म्हणून पडले. जेवायला बसली की घास तोंडात फिरत राहायचा. काखेत कुबड्या घेऊन ती ओढ्यापर्यंत जायची आणि पाण्याकडं बघत उभी राहायची. वसरामची बायको सेवा तिला परत घेऊन यायची, आणि एकदा तर तिनं कुबड्याच आपल्या घरी नेऊन ठेवल्या. "तुमचं ध्यान ठिकाणावर न्हाई ताई," ती म्हणाली, "पाय करायला जानार असाल तरच देते."

म्हणून मनकर्णा नांदेडला गेली. जळबा सोबत होता. कृत्रिम पाय बनवायच्या कार्यशाळेत निलम नावाच्या बाई होत्या. त्यांनी पोतं सोडलं, वाटी आणि चकती शेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"कशी सुटली ही?"

मनकर्णानं सांगितलं. सगळं सांगितलं.

"माझंच चालनं वाकडं हाय," मनकर्णा म्हणाली. "आपटून आपटून सुटलं."

"नाही." निलमबाईंनी वाटी तिच्यापुढं धरली. "हा मूळचा गम बघा. सगळा फायबरला धरून बसलाय. आणि ही चकती, हिच्यावर एक कण नाही. जोरानं तुटला असता तर गम मधून फाटला असता, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. हा तुटला नाही, सुटला. धातूला त्यानं कधी नीट धरलंच नव्हतं."

"काहून?"

"धातू डोळ्याला स्वच्छ दिसतो. पण त्याच्यावर मशिनचं तेल असतं, हाताचा मळ असतो. ते पुसून, घासून, खरबरीत करून लगेच चिकटवावं लागतं. घाई केली की गम त्या तेलाला चिकटतो. मग कडेनं घाम शिरतो, पाणी शिरतं. ही पांढरी भुकटी दिसते ना? आतल्या आत धातू खात चालला होता. त्यात उन्हानं धातू जास्त फुगतो, फायबर कमी. रोज थोडी ओढाताण. कुणीही चाललं असतं तरी हा सुटलाच असता."

मनकर्णानं चकतीवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं.

"मी गम भरला व्हता वरून. घट्ट झाला व्हता. वाजतबी नव्हता."

निलमबाईंनी कडेच्या गमावर बोट ठेवलं. "तो कडेलाच बसला, ताई. आत पोचला नाही. आतलं सुटतच राहिलं, फक्त आवाज ऐकू येईना."

मनकर्णाच्या घशातून हुंदका फुटला. सासू गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. ओरडली होती, गप्प राहिली होती. आता ती त्या परक्या टेबलावर डोकं ठेवून रडली. तिचं चालणं वाकडं नव्हतं. पण पाय वाजून सांगत होता, आणि तिनंच त्याचं तोंड बंद केलं होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकीनं दुसरी पुसली जात नव्हती.

जळबानं चकती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ तो ती उलटसुलट करत राहिला.

"म्या बी तुलाच बोलत राहिलो," तो म्हणाला.

माफ केलं असं मनकर्णाला वाटलं नाही.

नवा पाय तयार झाला. चकतीला आता गमाबरोबर आरपार बोल्टही होते. कठड्याला धरून मनकर्णानं पहिलं पाऊल टाकलं आणि थांबली. मान कलती करून ऐकलं. दुसरं टाकलं, पुन्हा थांबली.

"ताई, चाला बिनधास्त," निलमबाई म्हणाल्या.

"चालते," मनकर्णा म्हणाली, "पन ऐकू द्या मला."