परतीच्या टेम्पोतून आलेली खुर्ची

आमच्या कारखान्यात खुर्च्या तयार होतात. प्लास्टिकच्या. हातांच्या, बिनहातांच्या, पांढऱ्या, मरून आणि एक हिरवा रंग, जो फक्त मंगल कार्यालयवाले घेतात. जळगावच्या एमआयडीसीत आमच्या गेटमधून आत आलं की डावीकडे ऑफिस आहे आणि ऑफिसातलं पहिलं टेबल एकवीस वर्षं माझं होतं. डीलरच्या ऑर्डरी घ्यायच्या, कोणती गाडी आधी भरायची ते ठरवायचं, फुटका माल परत आला की ड्रायव्हरशी भांडायचं, हे माझं काम. टेबलासमोरच्या खिडकीतून गेट दिसायचं. गाडीत थप्प्या तिरक्या लागल्या असतील तर मी बसल्या जागेवरून ओरडायचे आणि त्या सरळ व्हायच्या.

मागच्या उन्हाळ्यात माझी कंबर गेली. आधी नुसती दुखायची, मग डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, आणि एक दिवस स्कूटर स्टँडवर लावताना पाय जमिनीवर आहे की नाही तेच कळेना. डॉक्टरांनी फोटो काढला, मणका दाखवला आणि विचारलं, "दिवसभर बसता कशावर?"

मी सांगितलं. ते हसले. मी हसत नाही म्हटल्यावर थांबले.

"किती तास?"

"नऊ. मार्चएंडला दहा."

"खुर्ची बदला, नाहीतर नोकरी बदला. सहा महिन्यांनी मला तिसरी गोष्ट सांगायला लावू नका."

नोकरी बदलण्याचा प्रश्न नव्हता. पन्नाशीला आलेल्या बाईला या शहरात दुसरं पहिलं टेबल कोण देणार? म्हणजे खुर्चीच बदलायला हवी होती.

भाऊ म्हणजे आमचे मालक. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणतो. ते मला ताई म्हणतात. मी त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"ताई, दवाखान्याचं काय लागेल ते सांगा. पण ऑफिसात दुसऱ्याची खुर्ची कशी ठेवायची? गिऱ्हाईक आत आलं की पहिलं तुम्हाला बघतं. आपणच आपल्या खुर्चीवर बसत नाही, असं त्याला दिसलं तर?"

यावर मला उत्तर देता आलं असतं, जर भाऊ स्वतः गादीच्या खुर्चीवर बसत असते तर. पण त्यांच्या केबिनमध्येही आमचीच पांढरी, हातांची खुर्ची आहे. त्यांच्या वडिलांपासूनचा नियम आहे तो. फरक इतकाच, की भाऊ तिच्यावर दिवसातून तासभर बसतात आणि बाकी वेळ मशीनभोवती फिरतात. ते म्हणाले, "आपल्याच खुर्चीचा काहीतरी इलाज करू," आणि आबांना बोलावलं.

आबा आमच्या साच्यांच्या मशीनवरचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"अक्का, हाई खुर्ची लगीनमा बसाले शे, हापिसमा बसाले नही. जेवनारा माणूस वीस मिनिटमा उठस."

"आबा, इलाज सांगा," भाऊ म्हणाले.

इलाज सुरू झाले. लग्नात जाडजूड पाहुणा आला की दोन खुर्च्या एकात एक घालून देतात, तशा माझ्यासाठी दोन घातल्या. उंची वाढली, पण येणारा प्रत्येक जण आधी खुर्च्यांकडे आणि मग माझ्याकडे बघून अंदाज बांधायचा. मी पंचावन्न किलोची बाई आहे. मग तीन घातल्या. टेबल बरोबर आलं आणि पाय लोंबकळायला लागले, म्हणून पायाखाली पालथा क्रेट आला. मग आबांनी एका खुर्चीचे मागचे पाय करवतीने अर्धा बोट कापले, पाठ टेकता यावी म्हणून. पाठ टेकली की मी छताकडे बघायचे. आमच्या छताच्या पत्र्याला चौदा बोल्ट आहेत. शेवटी कमरेमागे उशी आली. जळगावच्या मे महिन्यात कापसाची उशी पाठीला बांधून कोणी बसून बघावं.

दोन महिने गेले. मुंग्या गुडघ्याच्या वर आल्या. तेव्हा मी ठरवलं, की आता विचारायचं नाही, घ्यायची. खुर्ची घरी आणून ठेवायची, सुटीच्या दिवशी चौकीदाराकडून गेट उघडून घेऊन आत न्यायची आणि दुसऱ्या सकाळी भाऊ यायच्या आधी तिच्यावर बसलेलं असायचं. भाऊंना मी ओळखते. खुर्चीला ते नाही म्हणतील, पण बसलेल्या बाईला ऊठ म्हणणं त्यांना जमणार नाही.

जळगावच्या दुकानांत जाणं शक्य नव्हतं. तिथे अर्ध्या दुकानदारांना माझा चेहरा माहीत, आणि संध्याकाळच्या आत फोन गेला असता. म्हणून रजा टाकून धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा करत एसटीत अडीच तास. कमरेसाठी खुर्ची आणायला जाताना कमरेचं जे व्हायचं ते झालं.

साक्री रोडला एक मोठं, नवीन दुकान होतं. गल्ल्यावर साठीचे एक गृहस्थ पेपर वाचत होते. नोकर त्यांना नाना म्हणत होते. मी वरच्या मजल्यावर जाऊन अकरा खुर्च्यांवर बसून पाहिलं. काळ्या रेक्झिनच्या मोठ्या खुर्च्या सहा फुटी पुरुषासाठी केलेल्या असतात. पाठ टेकली तर पाय वर, पाय टेकले तर पाठ मोकळी. शिवाय आपल्याकडच्या उन्हात रेक्झिनवरून उठताना कातडी मागे राहते. काहींचे हात टेबलाखाली जात नाहीत, म्हणजे माणूस टेबलापासून हातभर लांब. मला बसायची जागा आखूड हवी होती, पाठीला जाळी हवी होती आणि कमरेच्या खोलगट भागात काहीतरी टेकायला हवं होतं. अशी एकच सापडली. करडी, दिसायला गरीब, चाकांची.

पण खुर्ची दोन मिनिटांत चांगलीच वाटते. आमच्याही वाटतात, म्हणून तर खपतात.

खाली येऊन मी नानांना म्हटलं, "मला हिच्यावर तीन तास बसून बघायचंय. मी डबा आणलाय."

त्यांनी पेपर खाली केला. "ताई, हे दुकान आहे. बसस्टँड नाही."

"तीन तासांनी कंबर बरी राहिली तर लगेच पैसे देते. नाही राहिली तर अडीच तासांची बस पकडून रिकामी जाते. नुकसान माझंच आहे."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग नोकराला म्हणाले, "बाईंना टेबल द्या."

खुर्ची खाली आली आणि मी दाराशीच बसले. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासात माझ्या साडीच्या निऱ्या चाकात अडकल्या, त्या सोडवल्या आणि पदरासारख्याच खोचून टाकल्या. तेवढ्यात एक जोडपं आलं, त्यांनी मलाच मालकीण समजून कपाटाचं विचारलं. मी म्हटलं, "हे नका घेऊ, दार खाली उतरलंय."

"ताई," नाना गल्ल्यावरून म्हणाले, "बसा. पण बोलू नका."

तिसऱ्या तासाला माझा फोन वाजला. रजा असली तरी गाड्या थांबत नाहीत. मी नेहमीसारखं म्हटलं, "पाचोऱ्याची गाडी आधी काढा. फैजपूरची मागून. आणि मरून खाली लावा, पांढऱ्याला डाग पडतो, किती वेळा सांगायचं?"

फोन ठेवला तर नाना उभे राहिले होते.

"मरून खाली लावा," ते म्हणाले. "हा आवाज मी बारा वर्षं ऐकतोय."

आमचे धुळ्याचे जुने डीलर होते ते. त्यांचं दुकान मला पत्त्याने माहीत होतं, गावातलं. हे दुसरं त्यांनी सुनेच्या नावाने काढलं होतं. बारा वर्षं आम्ही रोज फोनवर भांडलो होतो आणि एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही खुर्चीवाल्यांच्या बाई आणि खुर्ची घ्यायला माझ्याकडे?" त्यांना हसू आवरेना. मग मी कंबर, डॉक्टर, भाऊ, सगळं सांगितलं आणि ते हसायचे थांबले. "भाऊंना माझ्याकडून शब्द जाणार नाही. बसमध्ये कशी न्याल? पत्ता द्या, घरपोच पाठवतो."

तीन तास झाले होते. मी उठले. पायाला मुंग्या नव्हत्या. मी पैसे दिले, घरचा पत्ता लिहून दिला आणि बसने परत आले. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी दुपारी खिडकीतून आमचाच टेम्पो आत येताना दिसला. नरडाण्याला माल उतरवून धुळ्यावरून रिकामा येत होता. रिकामा नव्हता. मधोमध दोरीने बांधलेली, पारदर्शक पिशवीतली करडी खुर्ची उभी होती.

मी दारापर्यंत पोचेपर्यंत हमालांनी ती उतरवून तयार मालाच्या रांगेत ठेवलीसुद्धा. रांगेसमोर भाऊ उभे होते, आणि त्यांच्याबरोबर बऱ्हाणपूरचा एक नवा व्यापारी, जो त्या दिवशी पहिल्यांदाच माल बघायला आला होता.

"ये नया मॉडेल है?" तो म्हणाला आणि तिच्यावर बसला. दांडी ओढली, खाली गेला, वर आला. "यही दो ना, सेठ."

भाऊंनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. टेम्पोवाला म्हणाला, "धुळ्याच्या नानांनी दिली. ताईंची आहे."

"ताई?"

"हो," मी म्हटलं. "माझी आहे. माझ्या पैशांची."

भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते व्यापाऱ्याला म्हणाले, "हमारी ताई की है. बैठ बैठ के कमर का तकलीफ है उनको." व्यापारी माझ्याकडे बघून मान हलवत उठला. मग त्याने मागे वळून आमच्या पांढऱ्या खुर्च्यांची थप्पी पाहिली. जरा जास्तच वेळ पाहिली.

संध्याकाळी नानांचा फोन आला. "पोचली का? तुमचाच टेम्पो रिकामा चालला होता. म्हटलं, बाईंची गाडी, बाईंची खुर्ची, धक्का न लागता जाईल. आणि शब्द पाळला हां मी. भाऊंशी बोललो नाही."

पोचली म्हटलं.

बऱ्हाणपूरची ऑर्डर आली नाही. ती खुर्चीमुळे गेली की दरामुळे, ते कोणी बोललं नाही. दोन दिवसांनी भाऊ माझ्या टेबलाशी आले. "ताई, मी विचार केला. कंबर महत्त्वाची. खुर्ची तुम्ही वापरायचीच. फक्त आतल्या खोलीत बसू या. तिथे पंखाही चांगला आहे."

त्यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. पंखा खरंच चांगला आहे.

आतल्या खोलीत पूर्वी रंगाचे ड्रम धुवायचे. फरशीला मोरीकडे उतार आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांना कळतो. मी टाइप करत असते आणि टेबल हळूहळू लांब जातं. आबांनी चाकं काढून बघितली, तर पूर्ण वर करूनही खुर्ची बुटकी पडली आणि टेबल छातीशी आलं. पुन्हा बसवली. आता चाकांपुढे ते रबराचे तुकडे घालून जातात. तासाभरात तुकडे सरकतात आणि त्यांच्यामागून मी.

पहिल्या टेबलावर नवीन मुलगी बसते, आमच्या पांढऱ्या खुर्चीवर. तिची कंबर पंचविशीची आहे. इथून गेट दिसत नाही. गेटच्या साखळीचा आवाज आला की मी विचारते, "कोणती गाडी?" मशीनच्या आवाजात ते बाहेर पोचत नाही. परवा फैजपूरच्या गाडीत पांढरा माल खाली आणि मरून वर गेला. मला ते डाग पडून परत आल्यावर कळलं.

मुंग्या गेल्या. डॉक्टर खूश आहेत. भाऊ रोज दुपारी मशीनकडून जाताना दारात थांबतात.

"ताई, बरं आहे ना आता?"

खुर्चीत काही खोट नाही, तीन तास बसून घेतलीय. मी हो म्हणते, पाय टेकवते आणि खुर्ची टेबलाकडे ओढून घेते.