दिला की लावला

कारखान्यात एक मजूर उंचावरून पडून मेला होता. चौकशीच्या खोलीत टायपिस्ट बाईंनी त्याच्या सोबत्याचा जबाब टाइप केला : ‘सुरक्षापट्टा दिला नव्हता.’

चौकशी करणाऱ्या साहेबांनी कागद त्यांच्यापुढे परत टाकला. “‘दिला’च्या जागी ‘लावला’ करा. चूक मेलेल्याची ठरेल, प्रकरण मिटेल.”

तीस वर्षांत बाईंनी साहेबांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. बोटांनी मुकाट्यानं ‘लावला’ टाइप केलं.

सोबत्याला वाचता येत नव्हतं. अंगठा घेण्याआधी जबाब वाचून दाखवायचा नियम होता. साहेब बाईंच्या कानाशी पुटपुटले, “वाचताना ‘दिला’च वाचा.”

शाईनं माखलेला अंगठा कागदाजवळ आला, तोच बाई खणखणीत आवाजात वाचू लागल्या, “सुरक्षापट्टा लावला नव्हता!”

“मी ‘दिला नव्हता’ म्हणालो!” सोबत्यानं अंगठा झटकन मागे घेतला.

“बाई!” साहेब कडाडले.

“बोटांच्या पापाची माफी मी देवाकडे मागेन, साहेब,” बाईंनी कोरा कागद मशीनवर चढवला. “पण उद्या रविवार आहे. चर्चमध्ये याच जिभेनं मला बायबल वाचायचंय.”