वाघाटीचा ऐन

वाघाटी दिसते कशी, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. घरच्या मांजरीहून लहान. अंग राखाडी, त्यावर गंजासारखे तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे, कान छोटे. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही एक, आणि राहते आपल्याच रानात. एवढं सगळं ऐकून झालं की समोरचा विचारायचा, "म्हणजे बिबट्याचं पिल्लू ना?" मग पुन्हा पहिल्यापासून.

दोन हजार सालानंतरची, मी नुकता बी.एस्सी. झालो होतो तेव्हाची ही गोष्ट. धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती, सगळी बौद्ध घरं. वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि ते मी कधी लपवलं नाही, आजही लपवत नाही. निकाल लागला तेव्हा विहारात वंदना झाल्यावर मला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या होत्या. आता पोरगा मुरबाडला नाहीतर शहापूरला कुठल्या तरी कचेरीत पंख्याखाली बसणार, अशी सगळ्यांची खात्री. मला काम लागलं ते मांजर शोधायचं. एका संस्थेला या दोन तालुक्यांत वाघाटी कुठे कुठे राहते त्याचा नकाशा करायचा होता. ती कुठल्या झाडांत राहते तेही लिहायचं, म्हणून त्यांना वनस्पतिशास्त्र शिकलेला आणि इथलं बोलणं बोलणारा माणूस हवा होता. मी दोन्ही होतो.

"कालेजात जाऊन मांजरी शोधतोस?" आई म्हणाली.

शेजारची काकी आमच्या ओट्यावरच बसलेली असायची. ती म्हणाली, "असूं दे गो. कुत्री शोधायचं काम निघालं की आमच्या पोराला पन सांग रे."

काम ऐकायला सोपं होतं. रानात, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर फिरायचं. पाऊल, विष्ठा, ढोली, जे सापडेल त्याची जागा जीपीएसवर घ्यायची. लोकांना फोटो दाखवून विचारायचं. शहापूरला बाजारपेठेत एका दुकानाच्या वर संस्थेच्या दोन खोल्या होत्या. तिथे आमच्या मॅडम त्या जागा नकाशावर उतरवायच्या. ज्या भागात ठिपके पडतील त्याला रंग द्यायचा, म्हणजे उद्या तिथे खाण किंवा प्लॉटिंग निघालं तर निदान दाखवायला कागद तरी असेल. मला हे पटलं होतं. पण पटलेलं काम करताना पाय दुखत नाहीत असं नाही. एसटी चुकली की एक दिवस वाया. सबंध दिवस डोंगर तुडवून हाती काय, तर वाळलेली विष्ठा, आणि ती पण नंतर उदमांजराची निघायची. म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजाराच्या कडेला मी वाघाटीचा मोठा फोटो टांगून उभा राहिलो होतो, की लांबलांबचे लोक येतात, कोणी तरी बघितली असेल. एक म्हातारबाबा फोटो बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "विकायची हाय काय?" मी नाही म्हटलं. "मग बाजारात कशाला उभा ऱ्हायलास?"

बरोबरच होतं त्यांचं.

आता राबाचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे भाताची रोपं करायची तर आधी ती जागा भाजतात. उन्हाळ्यात झाडांचा टहाळ, म्हणजे पानांसकट कोवळ्या फांद्या, तोडून वाळवायच्या. शेणावर तो टहाळ, पालापाचोळा, वर थोडी माती असे थर घालून पेटवायचं. तो राब. टहाळ बहुतेक ऐनाच्या झाडांचा, आणि तो येतो वरकस जमिनीतून, म्हणजे डोंगराच्या उतारावरच्या हलक्या जमिनीतून. तिथले ऐन वर्षानुवर्षं छाटून छाटून बुटके, गाठाळ, पोकळ झालेले. पाहुण्याला वाटतं, काय हाल केलेत झाडांचे. आमच्यासाठी ते चुलीएवढं रोजचं.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी शहापूरहून घरी आलो, तर आई दारातच उभी. एरवी ती मला बघून आत पाणी आणायला जाते. त्या दिवशी जागची हलली नाही.

"तुझं काम केलं मी," म्हणाली.

ओट्यावर टोपली, वर जुन्या लुगड्याचा तुकडा. मी तो उचलला. आत दोन पिल्लं, एकमेकांत डोकी खुपसलेली. अंगावर ठिपके.

"मी न् काकीनं फांद्या तोडल्या त् ढोलीत निघाली. मी म्हटलं पोरगा उनातान्हात फिरतो, त्याला आयती दिऊ."

काकी मागून म्हणाली, "आता तुला पर्मनंट करतील ना रे?"

मला रागवायला पण जमलं नाही. त्या दोघींच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता. मी खाली बसलो आणि सांगितलं की मला मांजर नको होती, मांजरीची जागा हवी होती. आणि पिल्लं इथे आणली तर त्यांची आई तिथे शोधत बसेल.

आईचा चेहरा उतरला. "मंग आधी नाय सांगायचं? रोज मांजर मांजर करत होतास."

ऊन कलायच्या आधी आम्ही तिघं टोपली घेऊन वर गेलो. तो ऐन आमच्याच वरकसात होता. वरचा सगळा टहाळ उतरवलेला, नुसतं खोड आणि चारदोन खुंट. ढोली आता उघडी पडली होती. आईनं तोडलेल्या फांद्या ढोलीच्या तोंडाशी तिरक्या उभ्या केल्या, सावलीला. पिल्लं आत ठेवली आणि आम्ही मागं वळून न बघता खाली आलो. आईनं भात वाढला, पण स्वतः जेवली की नाही मला आठवत नाही.

सकाळी आई आणि मी वर गेलो तर ढोली रिकामी. मी आत हात घालून बघत राहिलो, जणू कोपऱ्यात कुठे तरी असतील. कोल्ह्यानं नेली असतील असंच मनात आलं. आईनं हाक मारली ती थोड्या खालच्या अंगाहून. तिथे काकीचा राब होता, आधीच भाजून झालेला, थंड राखेचा चौकोन. आई राखेच्या कडेला उकिडवी बसली होती.

"बघ. ही ढोलीकडे गेली. ही आली. ही परत गेली. ही परत आली."

बारीक, गोल, नखांच्या खुणा नसलेली पावलं. जाताना एका वाटेनं, येताना जरा वेगळ्या. दोन खेपा. कोल्ह्याचं पाऊल कुठेच नव्हतं. एकेक करून तिनं आपली पोरं उचलून नेली होती. मी जीपीएस काढलं, जागा घेतली. माझ्या सगळ्या कामातला खात्रीचा म्हणावा असा तो ठिपका. आई पदरानं तोंड पुसत होती. घाम असेल.

नंतर मॅडम जीप घेऊन जागा बघायला आल्या. त्यांनी ऐनाकडे बघितलं आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "अरे, काय अवस्था केलीय झाडाची! कोणी छाटलं?"

"आमच्या आईनं," मी म्हणालो.

त्या ओशाळल्या. बाई वाईट नव्हत्या. पण नकाशाबरोबरच्या माहितीत प्रत्येक जागेला काय धोका आहे ते लिहायचं होतं, आणि तिथे त्यांना 'फांद्यांची छाटणी' लिहायचं होतं. मी वाद घातला. म्हणालो, जिथे फांदी तुटते तिथे पाणी मुरतं, लाकूड कुजतं, ढोली पडते. छाटलं नसतं तर ही ढोलीच नसती. आणि शेजारचं वरकस बघा, विकलं, तर तिथे एक झाड राहिलं नाही, नुसतं तारेचं कुंपण. मॅडमनी ऐकून घेतलं.

"तुझं खरं असेल. पण पिल्लं आत असताना कोयता चालला, हेही खरं ना?"

खरंच होतं ते. पिल्लं टोपलीतून मीच परत नेली होती. शेवटी दोन्ही लिहिलं गेलं: 'राहण्याची जागा राबाची झाडं' आणि 'धोका छाटणीचा'.

मी आईला ते वाचून दाखवलं. तिच्यापासून लपवायचं म्हणजे तिला अडाणी समजायचं, ते मला जमत नाही.

"मला धोका लिवलंस?"

"तुला नाय. छाटणीला."

"छाटणी काय आपोआप होते? कोयता कोनाच्या हातात असतो?"

ती पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पुढच्या उन्हाळ्यात मात्र बायका टहाळाला निघाल्या तेव्हा तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "त्या ऐनाला कोनी हात लावायचा नाय. बाळंतिणीची खोली हाय ती." काकी म्हणाली, "मंग बारशाला बोलव." पण हात कोणी लावला नाही. त्या एका झाडाचा टहाळ भरून काढायला आई तिचे दुखरे गुडघे घेऊन आणखी वर चढायची. मला फार अभिमान वाटला. मी गावोगाव सांगत फिरलो, ढोलीचं झाड सोडा, माझ्या आईनं सोडलंय. लोकांनी सोडली पण.

दोन-तीन वर्षांत ऐन भराभर वाढला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता एवढा पाला त्यानं धरला. आम्ही येता-जाता मान वर करून बघायचो. खोड आतून पोकळ आहे आणि डोकं जड होतंय, हे ना मला सुचलं, ना आईला, ना मॅडमना. पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या एका वावटळीत तो ढोलीपाशीच उभा चिरला आणि दोन्ही बाजूंना पडला.

मी धसईला जाऊन एसटीडीवरून मॅडमना फोन केला. तोवर नकाशा छापून झाला होता आणि त्या दुसऱ्या कामावर होत्या.

"मॅडम, वाघाटीचा ऐन पडला."

"अरेरे. कोणी तोडला?"

"कोणी नाही तोडला, मॅडम. इतकी वर्षं तोडत होतो, तोवर उभा होता."

मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या गावांत पण आपण सांगितलंय ना?" मी हो म्हणालो. म्हणजे आता पुन्हा गावोगाव जाऊन उलटं सांगायचं होतं: ढोलीचं झाड छाटा, पण आधी आत बघा. मी किती थकलो होतो हे मला त्या बूथमध्ये उभं असताना कळलं.

परत आलो तर आई पडलेल्या झाडावरच होती. टहाळ तोडून भारे बांधत होती. वाया कशाला घालवायचा?

"दोर दे इकडं," म्हणाली. मी दिला. ढोलीत बघितलं, रिकामीच होती. पडण्याआधीपासून असेल.

"काल वरच्या अंगाच्या राबात पावलं होती," आई भारा आवळत म्हणाली. "तीच. नायतर तिची पोरगी."

खरंच होती, की माझं तोंड बघून म्हणाली, कोण जाणे. मी विचारलं, "कुठल्या झाडाकडे गेलीत?"

"ते नाय सांगायची. तू नकाशात काढशील."

आणि तिनं भारा माझ्या डोक्यावर दिला.