बिनलायसन्सच्या तीन गाड्या

मिठागरात खाडीचं पाणी कोंडून ठेवलं की मीठ धरण्यासाठी फार काही करावं लागत नाही. ऊन आणि वेळ पुरतो. तीन पेन्शनर आणि तीन बॅटरीच्या गाड्या एकत्र आल्या की किस्से असेच धरतात. गेल्या वर्षभरात आमच्याकडे इतके साचले आहेत की आता उपसायलाच हवेत. ते खरंच विनोदी आहेत की मला त्या वेळी फक्त भीती वाटली होती, याची खात्री नाही. पण सावंत म्हणतात, विनोदी आहेत.

सावंत मूळचे रत्नागिरीचे. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. कांबळे नांदेडकडचे, पोस्टातून निवृत्त. मी रसायनशास्त्र शिकवत होतो, नावामागे पीएच.डी. आहे. तिघेही भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून असलेल्या एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. दोन हजार आठच्या सुमारास या इलेक्ट्रिक गाड्या नव्याने आल्या, तेव्हा आधी सावंतांनी घेतली, मग कांबळ्यांनी, आणि सहा महिने माहितीपत्रकं वाचून शेवटी मी.

मला त्यातली एकच गोष्ट भावली. गाडी ताशी पंचवीसच्या पुढे जात नाही, म्हणून लायसन्स लागत नाही. लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो आहे. त्याआधी, लग्नाला दोन वर्षं झाली असताना, अलिबागजवळच्या एका उतारावर मेव्हण्याच्या स्कूटरचा ब्रेक मी असा काही दाबला होता की आम्ही दोघंही रस्त्यावर. समोर कोणी नव्हतं, काही नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो. मालतीचं, म्हणजे माझ्या पत्नीचं, मनगट मोडलं. तिने दोष दिला नाही. "यापुढे तुमच्या मागे बसणार नाही," एवढंच म्हणाली, आणि बत्तीस वर्षं शब्द पाळला.

मी गाडी घेतली ती तिला मागे बसवून एकदा उत्तनचा समुद्र दाखवायला. हे मी तिच्याखेरीज सगळ्यांना सांगितलं होतं.

* * *

पहिल्या दिवशी आम्ही गेटपाशी तयार उभे. किल्ली फिरवलेली, हेल्मेटं चढवलेली. सावंत सगळ्यांत पुढे, आणि ते काही हलेनात. कांबळ्यांना वाटलं, बॅटरी संपली. मला वाटलं, वायरिंग जळलं.

सावंत हँडल धरून सरळ समोर बघत बसले होते. मिनिटभराने त्यांच्याच लक्षात आलं. तीस वर्षं कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नव्हती. हात आपणहून पुढे जाईचना.

तेव्हापासून निघताना कांबळे मागून तोंडाने "टिंग टिंग" करतात. त्याशिवाय आमची फेरी सुटत नाही. एकदा कांबळे तापाने पडले होते, तर सावंतांनी त्यांना मोबाइलवर फोन लावला आणि म्हणाले, "कांबळेसाहेब, फक्त बेल द्या. झोपा मग."

* * *

फ्लायओव्हर उतरून पश्चिमेला आलं आणि वस्ती मागे पडली की मुर्ध्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मिठागरं लागतात. सकाळी त्या चौकोनांत आभाळ पडलेलं असतं, आणि कडेला मिठाचे ढीग आणि त्यांच्याएवढेच पांढरे बगळे. आमच्या गाड्यांचा आवाज होत नाही, त्यामुळे बगळे उडत नाहीत. मोटारसायकलवाल्यांना हे दृश्य कधी दिसत नसणार, असं मला नेहमी वाटतं आणि जरा अभिमानही वाटतो.

पण जे बगळ्यांना चालतं ते माणसांना चालत नाही. तारोडी गावात एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालली होती. आम्ही तिघं एकामागून एक अगदी शांतपणे तिच्या बाजूने निघालो. ती केवढी दचकली! पाटी सावरून तिने आम्हाला थांबवलंच.

"सायकल म्हनावी तर पायडल न्हाय," ती म्हणाली. "गाडी म्हनावी तर आवाज न्हाय. मंग ह्ये हाय तरी काय?"

मी तांत्रिक खुलासा करायला तोंड उघडत होतो. कांबळे हेल्मेट काढून नम्रपणे म्हणाले, "आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही, मावशी."

तिचं समाधान झालं. शास्त्रीय उत्तराने झालं नसतं.

* * *

कंपनी म्हणते, एका चार्जिंगमध्ये साठ किलोमीटर. माझा कंपनीवर विश्वास नाही. उत्तनजवळच्या पाली गावाला जायचं ठरलं तेव्हा मी तिघांची वजनं, चढ, समोरचा वारा धरून वहीत हिशेब मांडला आणि बजावलं की फालतू ओझं घ्यायचं नाही. सावंतांना तर मी डबासुद्धा घेऊ दिला नाही.

पालीच्या गल्लीत दोन गाड्या ठणठणीत पोहोचल्या. एक बंद पडली, ती माझी.

सावंतांनी माझी डिकी उघडली. आत पाना, पक्कड, टॉर्च, दोन रेनकोट, दोरी, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याच्या तीन बाटल्या आणि चार्जर. पायांशी एक वीस मीटर लांब एक्स्टेन्शन बोर्ड. महिना जानेवारीचा होता.

"सर," सावंत म्हणाले, "तुम्ही बंद पडायची एवढी तयारी केलीत, गाडी तरी काय करणार?"

मार्थाबाय नावाच्या कोळणीने आपल्या घरातल्या प्लगला गाडी लावू दिली. किती वेळ लागेल, तिने विचारलं. मी सहा तास म्हणालो. तिचा नवरा पहाटे होडी घेऊन गेला होता, तो गाडी चार्ज व्हायच्या आधी परत येईल, असं ती म्हणाली, आणि तसंच झालं. आम्ही दिवसभर तिच्या ओट्यावर होतो. समोर बांबूच्या मांडवावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत होते. होड्यांवर लाल-पिवळी निशाणं. भरती आली आणि वाळूत कलंडून पडलेल्या होड्या एकेक करून सरळ उभ्या राहिल्या. एवढा मोठा दिवस मी नोकरीत असताना कधी पाहिला नव्हता.

* * *

परत आलो की मी मालतीला सगळं सांगतो. ती भाजी निवडत ऐकते. पण तिचे प्रश्न मला परीक्षकांपेक्षा कठीण जातात. निशाणं किती होती? बोंबील कोणत्या हाताला? मिठाचा रंग सकाळी जास्त पांढरा की दुपारी?

मला काही सांगता येईना, म्हणून मी वही नेऊ लागलो. सावंतांनी बिल्डिंगभर सांगितलं, "आम्ही समुद्र बघतो. सर त्याचे मिनिट्स लिहितात."

एका रविवारी मी वाचून दाखवत होतो. मालती मधेच म्हणाली, "गेल्या वेळी दीपगृह डावीकडे होतं. आज उजवीकडे कसं?"

मी म्हणालो, "आज येताना पाहिलं."

"असं होय," ती म्हणाली, आणि निवडलेल्या मेथीकडे बघत राहिली. त्या वेळी मला वाटलं होतं, विचारावं. येतेस का, म्हणून. पण ती नाही म्हणाली असती तर पुढे काय वाचून दाखवायचं, हे मला सुचलं नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी सावंत-कांबळ्यांनाही पूर्ण सांगितलेला नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी एकटाच निघालो होतो. गेटपाशी हेल्मेट घालतोय, तर मालती खाली आली. शाल, पदर खोचलेला, पायात बूट. आज वारा आहे का, तिने विचारलं. नाही म्हणालो. ती मागे बसली.

माझ्या हातून किल्ली दोनदा खाली पडली. तिने दोन्ही वेळा वाट पाहिली.

मुर्ध्यापर्यंत तिने सीटच्या मागची दांडी धरली होती. राई गावाच्या पुढे कधीतरी तिचा हात माझ्या खांद्यावर आला. मी बगळे पाहिले नाहीत, मीठ पाहिलं नाही. पुढचा रस्ता तेवढा पाहिला.

उत्तनजवळच्या चौक गावाच्या टेकडीचा चढ लागला तशी गाडी मंदावली, आणि मध्यावर थांबलीच. दोन माणसं घेऊन ती हा चढ चढत नाही. एकाला उतरून चालावं लागतं, हे मला माहीत होतं, आणि मालतीचे दुखरे गुडघे मी हिशेबात धरलेच नव्हते. मी म्हणालो, परत फिरू या. चूक माझी आहे.

"तुमचे गुडघे बरे आहेत ना?"

"हो."

"मग तुम्ही उतरा."

मी उतरलो. ती पुढे सरकली. वेग कुठला, ब्रेक कुठला, तिने विचारलं. मी वेगाबद्दल सांगून ब्रेककडे वळतच होतो, तर गाडी सुटली. वळणावर शालीचं टोक दिसलं आणि मग तेही नाही.

मी धावलो, म्हणजे धावण्याचा प्रयत्न केला. कान लावून ऐकत होतो. काही ऐकू येत नव्हतं. पण ही गाडी नीट चालली तरी काही ऐकू येत नाही.

वर पोहोचलो तेव्हा गाडी स्टँडवर उभी होती. मालती टेकडीच्या काठाला एका दगडावर बसली होती. खाली समुद्र, परतणाऱ्या होड्या, खाडीपलीकडे वसईचा किल्ला. मला दम लागला होता, तरी मी हात करून सांगायला लागलो की ते जे दिसतंय ते. तिने न बघताच हाताने मला थांबवलं. मी शेजारी बसलो. अर्धा तास तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.

मग ती उठली. मी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने शाल गुंडाळून घेतली, स्टँड काढला आणि पुढच्या सीटवर बसली.

"आता उतार आहे," ती म्हणाली. "मागे बसा."