काकीची उशिराची उडी

उड्या मारण्यात आमच्या घरात काकीचा हात कुणी धरला नाही, आणि त्या सगळ्या उड्या तिनं सतरंजीवर मांडी घालून मारल्या.

काका फौजेत होते. एका सुट्टीत त्यांनी ट्रंकेतून टीव्हीला जोडायचा गेम आणला. दोन रिमोट आणि एक कॅसेट. महिनाभर स्वतःच खेळले, रोज पहिल्याच डोंगरावर मेले, आणि सुट्टी संपल्यावर परत सीमेवर गेले. गेम पलूसजवळच्या आमच्या घरी राहिला आणि काकीच्या ताब्यात आला. त्यात लाल बंडीतला एक माणूस होता, पाठीवर गाठोडं, आणि त्यानं उड्या मारत आठ डोंगर चढायचे. त्याला काहीतरी परदेशी नाव होतं. आमच्यात तो नुसता ‘गडी’. दुपारची जेवणं उरकली की म्हशींच्या धारांची वेळ होईपर्यंत काकी गड्याला घेऊन बसायची. आठवा डोंगर पार केलेली अख्ख्या गावात ती एकटी. असले गेम गावात तीनच घरांत होते हे खरं, पण म्हणून काय झालं!

पुढं कॅसेट बिघडली, रिमोटच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या, आणि काकीचे हात शिलाई मशीनवर गेले. ब्लाउज शिवावा तर तिनंच. बाहीला सुरकुती नाही, गळ्याला ओढ नाही. लग्नसराईत पार कुंडलपर्यंतच्या बायका कापडं घेऊन यायच्या. साठी जवळ आली तरी सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची आणि ओवताना मुद्दाम आमच्याकडं बघायची. तिला भीती एकाच गोष्टीची. फलटणला दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीचे हात साठीतच थरथरायला लागले होते, आता कपबशीही धरता येत नाही. काकी कधी बोलायची नाही, पण फलटणहून आली की दोन दिवस स्वतःचे पंजे पुढं धरून बघत असायची.

मी सांगलीत एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही सातजण जुने व्हिडिओ गेम नव्या मशीनवर आणतो. चित्रं नव्यानं काढायची, आवाज सुधारायचा, आणि खेळ मात्र होता तसाच ठेवायचा. दीड वर्षापूर्वी आमच्याकडं एक काम आलं, आणि पडद्यावर लाल बंडी दिसल्याबरोबर मी खुर्चीतून उठले. आमचा गडी! आमचे प्रमुख साताऱ्याचे, फार बोलत नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि गड्याचं चालणं, पळणं, उडी मारणं ही सगळी हालचाल माझ्याकडं दिली.

मूळ प्रोग्राम कुणी लिहिला ते कुठंच नोंदलेलं नव्हतं. पण काय माणूस असेल तो! आज एका फोटोला जेवढी जागा लागते, त्याच्या कितीतरी कमी जागेत त्यानं आठ डोंगर बसवले होते. ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. मी ओळ न् ओळ वाचत गेले आणि रोज त्याला मनातल्या मनात नमस्कार करत गेले. फक्त एका ठिकाणी तो मला चुकलेला दिसला. गेममधलं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, त्या एकेका चित्राला आम्ही फ्रेम म्हणतो. कड्यावरून पाय सुटल्यावर गडी सहा फ्रेम खाली पडतच नव्हता. तेवढ्यात बटण दाबलं तर पायाखाली काही नसताना उडी मारत होता. जुन्या ठोकळेबाज चित्रात हे कळत नसे. नव्या सुबक चित्रात मात्र माणूस हवेत उभा राहिलेला दिसायचा. मी ते दुरुस्त केलं. पाय सुटला की पडला. ऑफिसात आम्ही सगळे कड्याच्या अलीकडंच बटण दाबणारे भित्रे खेळाडू, त्यामुळं कुणाला फरक जाणवला नाही. प्रमुखांनी ‘छान’ म्हटलं, आणि ते वर्षातून दोनदाच म्हणतात.

मग त्यांची परवानगी काढून मी एका रविवारी चाचणीची प्रत लॅपटॉपवर घेऊन घरी गेले. टीव्हीला जोडली. काकीनं हात धुतले, पदर खोचला आणि रिमोट घेतला. नवा गडी बघून म्हणाली, “लय गोरा केलाय गं ह्याला.” पहिल्या डोंगरावर दरी नाही, तो तिनं हसत हसत चढला. दुसऱ्या डोंगरावर तुटका पूल आहे. तिथं ती पडली. पुन्हा गेली, पुन्हा पडली. मग हसणं थांबलं. मला वाटतं वीस-बावीस वेळा तरी पडली असेल. दर वेळी ती रिमोटकडं नाही, अंगठ्याकडं बघत होती.

“हात गेला माजा,” ती म्हणाली.

“वय झालं काकी आता. चालायचंच,” असं म्हणून मी तिच्या खांद्यावर थोपटलं. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा संताप येतो. माझी दुरुस्ती चुकली असेल ही शंकासुद्धा मला आली नाही. मी जेवून, डबा घेऊन, आरामात सांगलीला आले.

शुक्रवारी काकांचा फोन आला. “काय केलंस गं तिला?” त्यांचा आवाज फौजेतल्यासारखा चढला होता. “मशीन झाकून ठिवलंय. लग्नाची कापडं घिऊन बाया आल्या हुत्या, त्यास्नी म्हनली दुसरीकडं जावा, माजा हात थरथराय लागलाय. मला तर काय थरथरताना दिसत न्हाई. दिसभर हात म्होरं धरून बसती.”

फोन ठेवला. चाचणीच्या प्रतीत एक सोय असते: खेळणाऱ्यानं कोणतं बटण कोणत्या फ्रेमला दाबलं त्याची आपोआप नोंद राहते. मी काकीची नोंद उघडली. पूल. कड्यावरून पाय सुटला, आणि त्यानंतर चौथ्या फ्रेमला बटण. पुढची उडी, चौथी फ्रेम. पुढची, चौथी. खाली खाली वाचत गेले. दोनदा पाचवी, बाकी सगळीकडं चौथी. ज्या हाताला कंप सुटलाय तो हात डोळ्याचं पातं लवायच्या आत, एवढ्या वेळा, नेमक्या त्याच जागी पडत नाही. कॅसेट बिघडून पंचवीस वर्षं झाली असतील, पण तिच्या अंगठ्यानं ती जागा सोडली नव्हती. जागा मी काढून टाकली होती.

मी ते प्रमुखांना दाखवलं. त्यांनी नोंद शेवटपर्यंत वाचली. “म्हणजे ही चूक नव्हती,” ते म्हणाले. “लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, खेळणाऱ्याला उशीर होतो. त्यानं तेवढी सवलत ठेवली होती. आपणच जास्त शहाणे.” मी त्या सहा फ्रेम परत घातल्या, आणि त्यांनी स्वतः बसून तेवढ्या क्षणासाठी गड्याचं नवं चित्र काढलं. टाच कड्याला टेकलेली, दोन्ही हात पसरलेले, पडतोय की सावरतोय असं. हवेत उभं राहण्याचा प्रश्नच मिटला. हे मला आधी सुचायला हवं होतं.

रविवारी पुन्हा घर. काकी रिमोटला हात लावायला तयार नव्हती. मी तिच्यासमोर बसले. “काकी, तुजा हात न्हाई चुकला. माजं चुकलं. गड्याला जरा थांबायची मुभा हुती, ती मी काढली हुती.” आणि तिला सगळं सांगितलं, ती चौथी फ्रेम, ती नोंद. मग तिनं रिमोट घेतला. पूल आला. कड्यावरून गड्याचा पाय सुटला, हात पसरले, आणि तो पलीकडं. पहिल्याच फेरीत.

मी टाळ्या वाजवल्या. काकीचा चेहरा मात्र हलला नाही.

“सोपं करून आनलंस व्हय माज्यासाठी?”

“न्हाई गं, आईशप्पत.”

“मला बरं वाटावं म्हनून केलंस. तुजी सवय हाय ती.”

नोंद दाखवली तर ती म्हणणार, ते तुझ्याच मशीनमधलं. जुनी कॅसेट तर कधीच भंगारात गेली होती. काका दारात उभे राहून माझ्याकडं बघत होते, जणू हे निस्तरायचं कामही माझंच.

काकी मात्र खेळत राहिली. तिसरा डोंगर, चौथा. पाचव्या डोंगरावर धबधबा आहे. तिथं सगळे पायऱ्यांनी वर जातात. काकी उलट्या बाजूला गेली, आणि शेवटच्या दगडाच्या कडेकडं धावत सुटली. मी ओरडले, “काकी, तिकडं काय न्हाई, पडशील!” पाय सुटला. तिनं थांबून, अगदी शेवटच्या क्षणी बटण दाबलं. गडी सरळ धबधब्याच्या धारेत घुसला आणि दिसेनासा झाला. आणि पडदा बदलला.

आत एक कपार होती. वर्षभर मी हा गेम वाचत होते, मला ती ठाऊक नव्हती. आमच्यापैकी कुणालाच नव्हती. डोंगरांचे नकाशे आम्ही जसेच्या तसे उचलले होते म्हणून ती जागा टिकली. पण तिथलं नवं चित्र कुणी काढलंच नव्हतं. त्यामुळं कपारीत जुना, जाड ठोकळ्यांचा, चार रंगांचा बाक तसाच होता. आमचा चकचकीत गडी त्या बाकाजवळ गेला आणि आपोआप बसला. ही बसण्याची हालचाल मीच नव्यानं केली होती, ती कुठं लागते ते मात्र कधी शोधलं नव्हतं. गाठोडं बाजूला ठेवलं. तिथं बक्षीस नाही, शत्रू नाही, काही नाही. कुण्या अनोळखी माणसानं गड्याला टेकायला म्हणून केलेली जागा.

“म्हशीच्या धारा काढाय जाताना मी ह्याला हितं बसवून जायची,” काकी म्हणाली. “हितं कोन मारत न्हाई. तुला म्हाईत हुतं हे?”

“न्हाई.”

“तुज्या सायबाला?”

“त्यांना बी न्हाई.”

तिनं बाकाकडं एकदा नीट बघून घेतलं. “मग हे तू काय घालनार? जुनंच हाय. आन उशिरा उडी मारल्याबिगर हितं येता येत न्हाई.” तिनं रिमोट खाली ठेवला, दोन्ही पंजे पुढं धरले, पालथे केले, उताणे केले, आणि काकांना हाक मारली. “आवं, त्या बायास्नी फोन लावा. लगीन कवा हाय इचारा. बलाऊज मीच शिवती म्हनावं.”

काका फोन शोधायला आत पळाले. काकी उठली, मशीनवरचं कापड काढून झटकलं, घडी घातली आणि माझ्याकडं वळली.

“आनि तू. म्हाताऱ्या मानसाला वय झालं म्हनायच्या आदी आपलं काम तपासत जा. आटवडाभर मी, माज्या भैनीवानी हात गेला म्हनून मराय बसली हुती.”